हिरवी तार

डेस्कटॉपचं बटण दाबावं आणि काहीच होऊ नये. पंख्याची घरघर नाही, दिवा नाही, साधं टिक्‌ही नाही. मग माणूस पुन्हा दाबतो. जरा जोर लावून दाबतो. बहिऱ्याशी बोलताना आवाज चढवावा, तसा. आणि पाठोपाठ ते ठरलेलं वाक्य येतं : "काल तर चांगला चालू होता!"

त्या 'काल'कडे नंतर येऊ. आधी बटणाचं बघू, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. भिंतीवरचं बटण दाबलं की वीज जोडली जाते, तसंच इथंही होत असणार असं आपण धरून चालतो. जुन्या संगणकांत तसं होतंही. आतली जाड केबल थेट पुढच्या बटणापर्यंत आलेली असे आणि ते खटकन् दाबलं की वीज चालू. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही संगणकाच्या आतल्या भागांची ठरीव रचना आणली आणि बटणाचा हा अधिकार गेला. आताचं बटण मदरबोर्डवरच्या, म्हणजे सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य पाटीवरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, बस. तो नुसता अर्ज असतो. मदरबोर्ड तो वाचतो आणि एसएमपीएसकडून, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या डब्याकडून, आलेल्या २४ पिनांच्या जुडग्यातली हिरवी तार ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेला, जोडतो. मग एसएमपीएस जागा होतो, पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ चढतात. हे स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या तारेवरून 'सगळं ठीक' असा निरोप जातो. तोवर प्रोसेसर हालचाल करत नाही.

अर्ज वाचायला मदरबोर्ड आधी थोडा तरी जागा हवा. त्यासाठी जांभळी तार. संगणक बंद असतानाही तिच्यावर ५ व्होल्ट असतात, रात्रंदिवस. म्हणजे ज्याला आपण बंद म्हणतो तो झोपलेला असतो, एक कान उघडा ठेवून.

म्हणून पहिला प्रश्न : कान उघडा आहे का? बऱ्याच मदरबोर्डांवर एक बारीक दिवा असतो, नाहीतर नेटवर्कच्या खाचेजवळ मिणमिण दिसते. उजेड असेल तर भिंतीपासून मदरबोर्डापर्यंतची वाट बरीचशी शाबूत आहे. नसेल तर मागे चालत जा. एसएमपीएसच्या पाठीवरचं छोटं बटण झाडझूड करताना कुणाकडून तरी बंद होतं. पॉवर केबल अर्धवट बाहेर आलेली असते. एक्स्टेंशन बोर्ड मेलेला असतो. त्याच खाचेत टेबललॅम्प लावून बघितला की कळतं. हे तपासायचं म्हटलं की पुष्कळांना अपमान वाटतो. वाटू द्यावा, तपासावं.

नंतर केबल काढायची, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, मिनिटभर थांबून पुन्हा जोडायचं. याला लोक टोटका समजतात, पण त्यामागे कारण आहे. शॉर्ट झालं किंवा व्होल्टेज उसळलं की एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून घेतो, आणि ते मुख्य वीज तुटल्याशिवाय बहुधा उघडत नाही. पुढचं बटण कितीही बडवलं तरी उपयोग शून्य.

दिवा आहे पण बटणाला दाद नाही, तर संशय बटणावरच घ्यावा. मदरबोर्डच्या कोपऱ्यातून पॉवरच्या त्या दोन पिनांवरची जोडणी काढायची आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिनांना क्षणभर स्पर्श करायचा. पिना नेमक्या कोणत्या, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघून घ्या. यंत्र उठलं तर दोषी कॅबिनेटचं बटण. मग रीसेटच्या बटणाची तार त्या पिनांवर खोचायची. रीसेट तसंही वर्षातून एकदा कामाला येतं. बटण आत अडकलं असेल तर वेगळीच गंमत : संगणक सुरू होतो आणि चार सेकंदांनी बंद पडतो, कारण चार सेकंद दाबून धरणं म्हणजे जबरदस्तीने बंद करण्याचा हुकूम.

बटण निर्दोष ठरलं की व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर काढावा. काळी तार ग्राउंड. जांभळीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. नसतील तर एसएमपीएस गेला. हिरवीवर बटण न दाबता काही व्होल्ट दिसतात आणि दाबल्यावर ते जवळजवळ शून्यावर यायला हवेत. आलेच नाहीत, तर अर्ज मदरबोर्डवरच अडकला. आले आणि तरी पिवळी-लाल मुक्या, तर एसएमपीएस थकलाय किंवा पुढे कुठे तरी शॉर्ट आहे.

मीटर नसेल तर कागदाच्या टाचणीची परीक्षा. केबल काढलेली असताना २४ पिनांचं जुडगं मदरबोर्डवरून सोडवायचं, हिरवी आणि शेजारची काळी टाचणीने जोडायची, आणि मगच वीज द्यायची. सगळ्याच तारा काळ्या असतील तर १६ वी पिन. तिच्या दोन्ही अंगांना ग्राउंडच आहे. जुन्या एसएमपीएसला सोबत एखादा पंखा नाहीतर जुनी हार्डडिस्क जोडावी, काही जण रिकाम्या हाती चालत नाहीत. काहींचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरत नाही, त्यामुळे पंखा थांबलेला दिसला म्हणून लगेच निकाल देऊ नये. आणि पंखा फिरला म्हणजे सगळं उत्तम, असंही नाही. भार पडल्यावर गळपटणारे पुष्कळ असतात. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट साठतात आणि केबल काढल्यावरही काही वेळ टिकू शकतात.

पंखा अर्धा फेरा घेऊन थांबत असेल तर शॉर्टचा वास आहे. वीज तोडून एकेक गोष्ट उतरवायची : डिस्क, यूएसबीची पिलावळ, ग्राफिक्स कार्ड. उरावं इतकंच : प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी. प्रोसेसरला वीज देणारी ४ किंवा ८ पिनांची वेगळी केबल घट्ट बसलीय ना, तेही बघावं. तरी तेच रडगाणं असेल तर मदरबोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवून चालवावा. तिथे चालला तर कॅबिनेटमध्ये एखादा स्क्रू मागे घरंगळलेला किंवा नको तिथे आधाराचा खुंट बसवलेला सापडतो.

मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सेल बदलण्याची सगळ्यांनाच घाई असते. तो संपला की घड्याळ चुकतं, सेटिंग पुसल्या जातात. संगणक साफ मरून पडण्यामागे तो क्वचितच असतो.

आता तो 'काल'. जांभळ्या तारेमागचं सर्किट कधीच सुटी घेत नाही, म्हणून त्यातले कपॅसिटर अनेकदा आधी वाळतात. दर १० अंश उष्णतेला त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. असं दुबळं सर्किट चालू असेपर्यंत रेटत राहतं, पण एकदा थंड झालं की त्याला उठवत नाही. म्हणूनच वीज जाऊन आल्यावर किंवा लांबच्या सुटीनंतर भिंतीवरचं बटण पुन्हा लावल्यावर संगणक हटकून अडतो. बिघाड काही महिन्यांपासून चालू होता, उघडकीला आज आला.

तेव्हा केबल काढ-घाल करून पाचव्या-सहाव्या प्रयत्नात कसाबसा सुरू झालाच, तर आनंदाने बंद करून पुन्हा तपासू नका. तसाच चालू राहू द्या, महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि नवा एसएमपीएस हातात आल्यावरच शटडाउन म्हणा.