बार्शी लाईटवाला साहेब आणि पॅराशूट

रविवारी संध्याकाळी दिग्याच्या हार्डवेअरच्या दुकानात आम्ही चौघं जमतो. शटर अर्धं खाली, समोरच्या गाड्यावरचा चहा, आणि सगळ्यांचे मोबाईल गल्ल्यात. तो नियमच आहे आमचा, कारण मोबाईल हातात असला की कुणी काही बोलायला सुरुवात केली रे केली की दुसरा लगेच गुगल करतो आणि सांगणाऱ्याची मजा जाते. जे काय सांगायचं ते डोक्यातनं सांगायचं, अडकलात तर पुढच्या रविवारी पक्कं करून या.

सचिन क्रिकेटवाला. इरफान पंप-इंजिन दुरुस्तीवाला, त्यामुळे जुनं मशीन म्हटलं की तो सुटतो. दिग्याला इतिहासाचं वेड आणि मी आपला सगळ्यातलं थोडं थोडं.

त्या दिवशी सचिनने सुरुवात केली बापू नाडकर्णींपासून, १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ ओव्हर मेडन म्हणजे एकही रन नाही, ३२ ओव्हरमध्ये ५ रन दिले. हे आम्हाला माहीत होतं म्हणून त्याला कुणी भाव दिला नाही. मग त्याने भाऊसाहेब निंबाळकर काढले. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी ट्रॉफी, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर ४४३ वर नॉटआऊट, ब्रॅडमनचा वर्ल्ड रेकॉर्ड ४५२ चा, म्हणजे आणखी १० रन हवेत, आणि महाराष्ट्राच्या झालेत ४ बाद ८२६. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले आता डाव सोडा नाहीतर आम्ही चाललो. आणि खरंच मॅच सोडून दिली त्यांनी! कोल्हापूरचा हा माणूस, आजही फर्स्ट क्लासमध्ये भारतीयाचा सगळ्यात मोठा स्कोअर त्याच्याच नावावर आहे, आणि एकही टेस्ट खेळायला मिळाली नाही. मला हे ऐकताना दर वेळी पोटात तुटतं. १० रन म्हणजे किती, दोन-तीन ओव्हर.

हेच निंबाळकर पुढे रेल्वेच्या टीमकडनंही खेळले असं सचिन म्हणाला, आणि रेल्वे शब्द निघाल्यावर बार्शीच्या माणसाची गाडी दुसरीकडे कुठे जाणार.

आमच्याकडे बार्शी लाईट सगळ्यांनाच माहीत. आजीच्या पिढीने पंढरपूरच्या वाऱ्या त्या गाडीने केल्या, आजी सांगायची चढाला गाडी इतकी दमायची की पोरं उतरून बाजूने पळायची. नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आताचं कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि हे सगळं सरकारी नव्हे, लंडनमध्ये नोंदलेल्या एका खाजगी कंपनीचं, ती सरकारने १९५४ ला घेतली. एवढं दिग्याने धडाधड सांगितलं.

मग मी विचारलं, ही बांधली कुणी?

कुणालाच सांगता येईना. गावात जन्म गेला आमचा, आणि ज्या माणसामुळे गावाचं नाव जगातल्या रेल्वेच्या पुस्तकांत गेलं त्याचं नाव चौघांतल्या तिघांना माहीत नाही. मलाही वर्षभरापूर्वी माहीत नव्हतं म्हणा, आणि कळलं तेव्हा दोन दिवस डोक्यातनं जाईना.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. १८८२ ला जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आलेला इंग्रज इंजिनिअर. त्याचं म्हणणं होतं की छोट्या गावांना मोठी रेल्वे परवडत नाही म्हणून रेल्वेच द्यायची नाही हे चूक आहे, रेल्वेच अशी करा की परवडेल. आणि त्यासाठी त्याने काय केलं बघा, इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, प्रत्येक ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर, ५ टनाच्या वर वजन येऊ द्यायचं नाही. कुठेच एका जागी जास्त भार नाही, मग हलका रूळ चालतो, पूल हलके चालतात, खर्च खाली येतो. इंजिन जड पाहिजे ना? मग चाकं वाढवा, भार वाटून द्या. इतकी साधी गोष्ट!

इरफान म्हणाला, "रूळ हलका म्हणजे किती हलका?"

मी याचीच वाट बघत होतो. आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपला होते, भंगारात निघालेला रुळाचा एक तुकडा घरी कधीपासून आहे, आम्ही त्याला ऐरणच म्हणतो, खिळे सरळ करायला वापरतो. तो मी पिशवीतनं घेऊनच गेलो होतो. वरचा माथा ठोकून ठोकून चकचकीत झालेला, बाजूला गंज, एका टोकाला करवतीच्या पात्याच्या तिरप्या खुणा, आणि माथ्याची रुंदी जेमतेम माझ्या दोन बोटांएवढी. दिग्याने टेपने मोजला, बरोबर एक फूट. मग खिळे तोलायच्या काट्यावर ठेवला. पावणेपाच किलो! आत्ता मेन लाईनला जो रूळ असतो तो मीटरला ६० किलोचा, म्हणजे त्याचा एक फूट १८ किलोच्या वर जाईल. इरफानने तुकडा दोन्ही हातात घेतला, उलटा केला, बोटाने माथ्यावरची झीज चाचपली आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही. "याच्यावरनं लातूरपर्यंत गाडी," एवढंच बोलला.

माझं तरी मत असं की माहिती अशी हाताला लागली पाहिजे. नाहीतर साल आणि आकडे कुणीही पाठ करतं.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. याच कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला अशीच अडीच फुटी रेल्वे केली, लीक अँड मॅनिफोल्ड, १९०४ ला सुरू झाली. ती १९३४ मध्ये बंद पडली, आज तिथे लोक सायकली चालवतात. आपली मात्र पुढे कितीतरी वर्षं चालली, आमच्या पिढीने बघितली, मग ब्रॉडगेज झाली.

आणि म्हातारपणाकडे झुकल्यावर या माणसाने केलं काय, तर पॅराशूट. रोल्स-रॉइसमधला जो रोल्स, तो त्याचा दोस्त, १९१० ला विमान पडून गेला, आणि यानंतर कॅल्थ्रॉप पॅराशूटच्याच मागे लागला. 'गार्डियन एंजल' नाव ठेवलं. पहिल्या महायुद्धात ऑर्ड-लीस नावाच्या अधिकाऱ्याने ते किती भरवशाचं आहे हे दाखवायला थेट लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारली. हा ऑर्ड-लीस कोण, तर अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनच्या त्या बर्फात अडकलेल्या 'एन्ड्युरन्स' जहाजावरचा माणूस! बार्शीहून निघालो आणि अंटार्क्टिकाला पोचलो.

पण ब्रिटिश वैमानिकांना त्या अख्ख्या युद्धात लढताना पॅराशूट दिलंच नाही. हेरांना शत्रूच्या मुलखात उतरवायला वापरलं, स्वतःच्या पोरांना नाही. किती जण वाचले असते. हे सांगितल्यावर दुकानात कुणीच काही बोललं नाही, सचिनने चहाचे ग्लास गोळा केले.

मग इरफानच म्हणाला, निंबाळकरांचं आणि याचं एकच झालं बघ, हाताशी आलेलं दुसऱ्याने थांबवलं. मला हे सुचलं नव्हतं.

निघताना दिग्याने गल्ल्यातनं मोबाईल काढून दिले. कुणीही लगेच उघडला नाही. पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून कुर्डुवाडीला जायचं ठरलंय, इरफान म्हणतो तुकडा बरोबर घे.