तुम्ही विचारलंत म्हणून: हा खेळ नव्यानेच सुरू केलेल्या देशात आइस हॉकी का रुजत नाही?

"रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, बांधली, मुलांना स्केट (पातं लावलेले बूट) दिले, तरी पाच वर्षांनी तेच पंचवीस खेळाडू का दिसतात?" हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्याने उत्तरही बहुधा ठरवलेलंच असतं: हवा गरम, नाहीतर पैसा कमी. कारणं खोटी नाहीत, पण खेळ अडतो तो बर्फावर मिळणाऱ्या तासांपाशी.

हिशोब मांडून बघा. आठ संघ, प्रत्येकाचे आठवड्याला दोन सराव आणि एक सामना, एकेक तासाचे धरले आणि एका सामन्यात दोन संघ खेळतात हे लक्षात घेतलं, तरी झाले २० तास. शाळा सुटल्यानंतरची पाच ते नऊ ही वेळ सोमवार ते शुक्रवार मिळून जेमतेम तेवढेच वीस तास भरते, आणि त्यातही दर तासाला बर्फावर पाणी फिरवून तो सपाट करण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. त्याच वेळी रिंकमालकाकडे तिकीट काढून नुसतं घसरायला शंभर माणसं येतात, हॉकीवाले वीस. मग हॉकीच्या वाट्याला पहाटेचे सहा नाहीतर रात्रीचे अकरा उरतात. मूल एक वेळ उठेल, पण त्याला आणणारे आईबाप महिन्याभरात थकतात.

यावर उपाय जुनाच आहे, पण नवे संघ तो कमीपणाचा समजतात. रिंकची लांबी ६० मीटर. फोमचे हलके अडथळे टाकून तिचे आडवे तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागात छोट्या गोलजाळ्यांवर चार विरुद्ध चार खेळवायचं. भागाला १६ मुलं, दर मिनिटाला आलटून-पालटून. म्हणजे एका तासात ४८. पूर्ण रिंकवर मात्र एकच चांगला स्केटर पक (खेळायची रबरी चकती) घेऊन पळतो, बाकीचे त्याच्या पाठी. आठ वर्षांखालच्यांना १७० ग्रॅमच्या काळ्या पकऐवजी सुमारे ११० ग्रॅमचा निळा द्यावा, नाहीतर मनगटाला तो झेपत नाही.

बर्फ बनवणं हे आता ठरावीक तंत्र आहे, आणि तरीही दमट प्रदेशात दोन चुका हमखास होतात. पहिली, खर्च वाचवायला हवेतली आर्द्रता काढणारं यंत्र गाळणं: धुकं साचतं, छतावरून थेंब पडतात आणि बर्फावर गोठून उंचवटे तयार होतात. दुसरी, थर जाड होऊ देणं. तीन-साडेतीन सेंटिमीटर पुरतात. त्याहून जाड थर वरच्या पृष्ठभागापर्यंत गारवा पोचू देत नाही. उणे पाच-सहा अंश राखायला यंत्रं जास्त चालतात, बिल वाढतं आणि बर्फ मऊच राहतो. बारमाही रिंकच्या स्लॅबखाली उष्णतारोधक थर आणि त्याखाली जमीन उबदार ठेवणारे पाइप लागतात. नसले तर खालची ओली जमीन गोठून फुगते आणि स्लॅब उचलला जातो. ही दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवी रिंक.

साहित्यात सगळे स्केटच्या किमतीबद्दल बोलतात, धारेबद्दल कोणी नाही. पात्याच्या तळाला खोलगट घळ असते, तिच्या दोन कडा बर्फ पकडतात. घळ खोल असली की पकड जास्त, पण थांबताना पातं अडकून नवशिका तोंडावर पडतो. त्याला उथळ घळ बरी. धार लावायचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस गावात नसेल, तर महागडे स्केटही दोन महिन्यांत लाकडी फळीसारखे होतात. ओले स्केट बॅगेत कोंबले तर पात्याला गंज. मुलांचे पाय दरवर्षी वाढतात, तेव्हा हेल्मेट-पॅड-स्केट संघाच्या मालकीचे ठेवून मापानुसार फिरवणं शहाणपणाचं.

आणि राष्ट्रीय संघ? तो घाईने उभा करता येतो, पण खाली काही साचत नाही. १९३६ चं ऑलिंपिक सुवर्ण ब्रिटनने जिंकलं, बहुतेक खेळाडू ब्रिटनमध्ये जन्मलेले पण कॅनडात खेळ शिकलेले. १९४८ नंतर ब्रिटन ऑलिंपिकच्या आइस हॉकीत दिसलेलं नाही. दक्षिण कोरियाने २०१८ साठी परदेशात घडलेल्या काही खेळाडूंना नागरिकत्व दिलं. त्यांचा पुरुष संघ ऑलिंपिकमधले चारही सामने हरला, त्याच वर्षी जागतिक स्पर्धेतले सातही, आणि खालच्या गटात गेला. वरच्या गटापर्यंत पोचणंच मोठं होतं, हे मात्र मान्य करायला हवं.

सगळ्यात आधी तुटवडा भासतो तो गोलरक्षकाचा. त्याचं साहित्य सर्वांत महाग, आणि सुरुवातीला चेंडूफळीतल्या यष्टिरक्षकासारखं धाकट्या भावाला तिथे ढकलतात. दहा वर्षांपर्यंत कोणालाही कायमचा गोलरक्षक करू नये. दोन संच संघाने घ्यावेत आणि दर आठवड्याला मूल बदलावं; ज्याला पकची भीती वाटत नाही तो आपोआप दुसऱ्यांदा मागतो.