आमची वाटचाल : फुकट लिस्टिंगचे आठवडे आणि आमची तिकिटं

आमची फर्म छोटीच आहे, नाशिकरोडला घराच्या पुढच्या खोलीत चालते. आम्ही पोस्टाची तिकिटं विकतो, म्हणजे जुनी कोरी आणि वापरलेली तिकिटं, फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट), मिनिएचर शीट (तिकीट असलेला छोटा छापील कागद), थोडीफार काडेपेटीची लेबलं. नाशिकरोडला तिकिटांचा नाद असणं साहजिक आहे, १९२० च्या दशकापासून देशाची तिकिटं इथल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात आणि आमच्या गल्लीत दर दोन घराआड कोणी ना कोणी प्रेसमध्ये कामाला होतं. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, ते नवीन तिकीट आलं की पोस्टात जाऊन रांगेत उभं राहून घ्यायचे आणि कपाटात नीट लावून ठेवायचे, धंदा करायचा असं त्यांच्या डोक्यात कधीच नव्हतं. धंदा मी आणि माझ्या मिस्टरांनी सुरू केला, तोही इंटरनेट आल्यावर.

आपल्याकडे तेव्हा लिलावाची साईट म्हणजे बाझी डॉट कॉम. २००४ मध्ये ती ईबेनं घेतली आणि ती ईबे इंडिया झाली, पुढे २०१७ मध्ये तो इथला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ ला ईबे डॉट इन बंद झालं. त्या काळात विकायला लागलेले आमच्यासारखे खूप लोक आहेत, कोणी पुस्तकं विकायचं, कोणी नाणी, कोणी जुनी घड्याळं. आम्ही हळूहळू परदेशी साईटवरही माल लावायला लागलो कारण जुन्या भारतीय तिकिटांना इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेत गिऱ्हाईक आहे, आणि तिकडे स्थायिक झालेली आपली माणसंही घेतात. (नाण्यांच्या भानगडीत आम्ही पडत नाही, शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि ती बाहेर पाठवता येत नाहीत, हे नवीन लोकांनी नीट लक्षात ठेवा.)

आता मुद्द्याचं. गेल्या इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ताई, अमुक साईटवर या आठवड्यात लिस्टिंग, म्हणजे वस्तू विकायला लावणं, फ्री आहे, सगळा माल टाकू का. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी फी कशाकशाची असते ते बघा. लिलावाच्या साईटवर साधारण दोन ठिकाणी पैसे जातात, एक वस्तू लावताना आणि दुसरे वस्तू विकली गेल्यावर टक्क्यात. ठळक अक्षरं, रिझर्व्ह प्राईस (ज्याच्या खाली वस्तू द्यायची नाही अशी किंमत) याचे वेगळे. "फ्री लिस्टिंग" म्हणतात तेव्हा यातली फक्त पहिली फी माफ असते, टक्का तसाच राहतो आणि पुष्कळदा त्याच सुमारास टक्का वाढलेलाही असतो. ईबेच्या अमेरिकेतल्या साईटचंच घ्या, २०१० च्या मार्चमध्ये त्यांनी महिन्याला १०० लिलाव फुकट केले पण स्टार्ट प्राईस, म्हणजे बोली सुरू होते ती किंमत, ९९ सेंट किंवा त्याच्या आत असेल तरच, आणि विकल्यावर ९ टक्के. पुढच्या वर्षी ५० लिलाव, पण कुठल्याही स्टार्ट प्राईसला. आणि २०११ च्या जुलैपासून टक्का पोस्टेजच्या रकमेवरही लागायला लागला. इथून परदेशी पाकीट पाठवणाऱ्याला पोस्टेजच तिकिटापेक्षा जास्त पडतं कधीकधी, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

त्या ९९ सेंटच्या अटीत सगळा खेळ आहे आणि तो समजून घेण्यासाठी लिलावात भाव ठरतो कसा ते बघायला पाहिजे. बऱ्याच सेलरना वाटतं की ज्याला सगळ्यात जास्त हवंय तो माणूस भाव ठरवतो. तसं नाहीये. या साईटवर बोली लावणारा आपली वरची मर्यादा टाकून ठेवतो आणि सिस्टिम त्याच्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवते, म्हणजे भाव थांबतो तो दुसऱ्या नंबरच्या माणसाच्या मर्यादेच्या एक पायरी वर. भाव दुसरा माणूस ठरवतो. तो दुसरा माणूस आलाच नाही तर वस्तू स्टार्ट प्राईसला जाते, मग पहिल्याच्या मनात कितीही पैसे असू देत.

आमच्या गांधी सेटचंच उदाहरण देते. १९४८ च्या १५ ऑगस्टला निघालेली गांधीजींची चार तिकिटं, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ही नाशिकची नाहीत, स्वित्झर्लंडला कूर्वाझिए नावाच्या कंपनीत छापलेली आहेत. दहा रुपयाचं महाग, ते आमच्याकडे क्वचित येतं, पण खालची तीन कोरी, डिंकासकट, चिकटपट्टीचा डाग नसलेली अशी आम्ही नेहमी लावतो. समजा त्या आठवड्यात जगात दोनच माणसं हा सेट शोधतायत, एक ४० डॉलरपर्यंत जायला तयार आणि दुसरा ३० पर्यंत. साईटवर एकच सेट असेल तर तो ३१ डॉलरला जातो. फ्री आठवड्यात तसेच पाच सेट लागले तर ४० वाला एकावर बोली लावतो, ३० वाला दुसऱ्यावर, एकमेकांच्या वाटेला जायचं त्यांना कारणच उरत नाही, आणि दोन सेट ९९ सेंटला जातात, उरलेले तीन तसेच पडून राहतात. लिस्टिंग फीचे सेंट वाचले आणि तीस डॉलर गेले.

हे मी नुसतं कागदावरचं गणित सांगत नाहीये, आमच्या वहीत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. ज्या परदेशी साईटवर आम्ही तेव्हा होतो तिथे मधूनमधून फ्री आठवडा लागायचा, मेल यायचा, आणि सगळ्या सेलरांसारखा आम्हीही माल लावायचो. मी वहीत प्रत्येक लिलावापुढे फक्त दोन गोष्टी लिहायचे, किती जणांनी बोली लावली आणि शेवटचा भाव काय. फ्री आठवड्याच्या पानांवर बोलीवाल्यांच्या रकान्यात एक, एक, शून्य, एक असंच दिसायचं आणि साध्या आठवड्याच्या पानांवर तीन, चार, दोन. माल तोच, फोटो तसेच, वर्णनही तेच. विकल्या गेलेल्या पाकिटांची संख्या फ्री आठवड्यात जास्त असायची म्हणून पोस्टात गठ्ठा मोठा जायचा आणि वाटायचं धंदा वाढला, पण महिन्याच्या शेवटी हातात पैसे कमी.

अण्णा बाजूला बसून सगळं बघायचे. एकदा म्हणाले, "अगं, लासलगावला आवक वाढली की कांद्याचं काय होतं?" मी म्हटलं, "भाव पडतो अण्णा." तर म्हणाले, "मग तिकिटाला काय वेगळा नियम आहे? ट्रॅक्टर वाढले, व्यापारी तेवढेच." नाशिक जिल्ह्यात राहून हे वेगळं सांगायला नको होतं खरं.

गिऱ्हाईक का वाढत नाही हा पुढचा प्रश्न. फ्री लिस्टिंगची जाहिरात सेलरला असते. बायरला त्यात काहीच सूट नाही, त्याला मेलही येत नाही, त्यामुळे तो नेहमीइतकाच येतो. त्यात सात दिवसांचे लिलाव सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू केले की ते संपतातही एकाच संध्याकाळी, बहुतेक अमेरिकेतल्या रविवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी. कलेक्टर माणूस, त्याचं महिन्याचं बजेट ठरलेलं, तो एका संध्याकाळी किती लिलावांवर लक्ष ठेवणार?

आणखी एक गोष्ट होते. फुकट असलं की स्वस्त माल वर येतो. ३५ सेंट फी असेल तर दोन डॉलरच्या तिकिटाला ती सतरा टक्क्यांच्या वर पडते, ४० डॉलरच्या सेटला एक टक्कासुद्धा नाही. म्हणून फी असताना लोक दोन डॉलरची तिकिटं लावत नाहीत किंवा दहा-वीसचा लॉट करून लावतात, फी गेली की तीच तिकिटं एकेक करून येतात आणि सर्चमध्ये पानंच्या पानं भरतात, गांधी म्हणून शोधलं की चांगला सेट सापडायला बायरला किती खाली जावं लागतं ते त्या आठवड्यात स्वतः करून बघा. मोठ्या सेलरांकडे बल्क अपलोड असतो, त्यांनी हजारो टाकले तरी त्यांचा वेळ जात नाही. आमच्याकडे एकेक तिकीट ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटातून चिमट्यानं काढायचं, काळ्या कागदावर ठेवून पुढून-मागून स्कॅन करायचं, परफोरेशनचे म्हणजे तिकिटाच्या कडेचे दात चारी बाजूंनी तपासायचे, डिंकावर टोनिंग म्हणजे ते तपकिरी ठिपके आहेत का भिंगातून बघायचं, असेल तर तसं वर्णनात लिहायचं, मग परत पाकिटात. हे काम फुकट होत नाही. स्कॅनिंगला येणाऱ्या ताईंचा पगार फ्री आठवड्यातही तेवढाच असतो, उलट जास्त थांबावं लागतं. आणि पावसाळ्यात ऑफर आली तर आम्ही कोरी तिकिटं बाहेरच काढत नाही, नाशिकच्या पावसात हवा दमट झाली की डिंक कागदाला चिकटतो आणि शंभराचा माल दहाचा होतो.

साईटवाले मग हे करतात कशाला? त्यांच्या बाजूनं बघितलं तर समजतं. साईटवर माल किती आहे हा आकडा त्यांना दाखवायचा असतो, आणि माल नसेल तर बायर येणारच नाही हेही खरं आहे. याहूनं अमेरिकेत १९९८ मध्ये लिलाव सुरू केले तेव्हा लिस्टिंग फुकट होतं, २००१ च्या जानेवारीत फी लावली आणि माल धडाधड कमी झाला, २००५ मध्ये परत फुकट केलं पण तोवर बायर दुसरीकडे गेला होता, २००७ मध्ये ते बंद झालं. जपानमध्ये उलटं झालं, याहू जपान सुरुवातीला फुकट होतं, ईबे मागून येऊन फी घेत होतं, आणि २००२ मध्ये ईबेला तिथून जावं लागलं. चीनमध्ये २००३ पासून ताओबाओ या तिथल्याच साईटनं सेलरला फी नाही म्हणून सांगितलं आणि ईबेची तिथली साईट टिकली नाही. तेव्हा कायमचं फुकट आणि चार दिवसांचं फुकट यात खूप फरक आहे असं माझं मत झालंय. कायम फुकट असेल तर माल वर्षभर सारखा येतो, बायरला सवय लागते, भाव आपली जागा धरतो. चार दिवसांच्या ऑफरमध्ये माल एकदम येतो, भाव पडतो, आणि वाईट म्हणजे तो पडलेला भाव "विकलेल्या वस्तू" मध्ये पुढे दिसत राहतो. नंतर आम्ही तोच सेट नेहमीच्या भावाला लावला की बायर मेसेज करतो, मागच्या महिन्यात तर हा एक डॉलरला गेला होता. त्याला आपण काय सांगणार, त्यानं बघितलेलं खरंच असतं.

हे सगळं बघून आम्ही जे बदललं ते सांगते. ज्या वस्तूला दोन-तीन तरी माणसं हमखास भांडतील अशी वस्तू फ्री आठवड्यात लिलावाला लावायची नाही. ती ऑफर संपल्यावर, आठवडा-दोन आठवडे जाऊ देऊन, फी भरून लावायची, तेव्हा साईटवर माल कमी झालेला असतो आणि ज्यांना मागच्या वेळी मिळालं नाही ते शोधत असतात. फी जाते पण बोलीवाले परत तीन-चार दिसतात. फ्री आठवड्यात आम्ही काय लावतो, तर ज्याला एकच गिऱ्हाईक असतं असा माल. एखाद्या गावाच्या पोस्टाचा शिक्का असलेलं कव्हर म्हणजे टपालातून गेलेलं पाकीट, रेल्वेच्या डाकेचा शिक्का, काडेपेटीचं विचित्र लेबल. याला बोली चढतच नाही, ते ज्याला हवंय त्यालाच हवंय, म्हणून ते ठरलेल्या किमतीला किंवा आपल्याला परवडेल त्या स्टार्ट प्राईसला लावायचं आणि वाट बघायची. फी नसल्यामुळे वाट बघणं परवडतं. असं एक मनमाडचं कव्हर न्यू जर्सीत राहणाऱ्या एका काकांनी घेतलं, त्यांचे वडील मनमाडला रेल्वेत होते, त्यांनी किमतीबद्दल एक शब्द विचारला नाही. इथे फ्री लिस्टिंगचा आम्हाला खरा फायदा झाला आणि तो मी नाकारत नाही, फी असती तर ते कव्हर मी कधी लावलंच नसतं.

आता फेसबुक आणि व्हॉट्सअॅपच्या कलेक्टर ग्रुपवरही लिलाव चालतात, तिथे तर लिस्टिंग कायमच फुकट. आमच्या ग्रुपमध्ये अॅडमिननी नियम केलाय की एका सेलरनं एका दिवसात मोजकेच लॉट टाकायचे, आणि मला तो नियम फार आवडतो, कारण फीनं जे काम व्हायचं ते त्या नियमानं होतं. माणूस विचार करून चांगली वस्तू टाकतो, फोटो नीट काढतो. नवीन मुलं कुरकुर करतात, म्हणतात जास्त टाकले तर जास्त विकतील, पण भाव टिकलाय तो यामुळेच टिकलाय.

नवीन सेलरला मात्र मी फ्री ऑफर सोड असं सांगत नाही. ज्याचं खातं नवीन आहे, ज्याला अजून फीडबॅक (बायरनं साईटवर लिहिलेला शेरा) नाही, त्यानं त्या आठवड्यात साधी चार-सहा तिकिटं जरूर लावावीत, भाव कमी आला तरी तेवढे चांगले फीडबॅक पदरात पडतात आणि पुढे महाग वस्तूला बायर विश्वासानं बोली लावतो. फक्त घरातली सगळ्यात चांगली वस्तू तेव्हा काढू नका आणि ज्या भावाला विकून तुम्हाला वाईट वाटेल त्याच्या खाली स्टार्ट प्राईस ठेवू नका, मग त्यासाठी फ्रीच्या अटीत बसलं नाही तरी चालेल, ती थोडी फी भरा. पोस्टेजचा खरा खर्च आधी पोस्टात विचारून घ्या. आणि माझ्यासारखी वही ठेवा, बोलीवाले किती आणि भाव किती, दोनच रकाने, दोन-तीन ऑफर गेल्या की तुमच्या मालाचं तुम्हालाच दिसायला लागेल. तिकिटांचं आणि पुस्तकांचं किंवा साड्यांचं गणित अगदी सारखं असेलच असं नाही.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराची ऑफर आली की शिक्क्यांच्या कव्हरांचा खोका बाहेर निघतो, ताई स्कॅनिंगला बसतात, आणि गांधी सेट डिसेंबरात फी भरून लागतात. तुमच्यापैकी कोणाकडे नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या पोस्टांचे शिक्के असलेली कव्हरं असतील तर कळवा, विकायची नसली तरी बघायला आवडतील, अण्णांना फार आनंद होईल.