अभिलंब काढताना होणारा एक भागाकार

बारावीला विकलजाचे, म्हणजे वक्राचा प्रत्येक बिंदूपाशी चढ किती ते सांगणाऱ्या फलाचे, उपयोग शिकवताना स्पर्शिकेसाठी दोन तास आणि अभिलंबासाठी उरलेली दहा मिनिटे, असे मी अनेक वर्षे करत आलो. स्पर्शिकेचा चढ म असेल तर तिला स्पर्शबिंदूपाशी लंब असलेल्या रेषेचा, म्हणजे अभिलंबाचा, चढ −१/म असतो, हे सूत्र लिहून दिले की विषय संपला असे मला वाटत असे. उत्तरपत्रिका तपासताना तसे नसल्याचे दिसले.

य = क्ष² हे अन्वस्त घ्या. त्याचा विकलज २क्ष आहे, म्हणून (१, १) या बिंदूपाशी स्पर्शिकेचा चढ २, अभिलंबाचा चढ −१/२ आणि समीकरण क्ष + २य = ३. पुष्कळ विद्यार्थी बिंदूचा निर्देशक विकलजात घालण्याआधीच −१/(२क्ष) हा चढ समीकरणात ठेवतात, आणि मग जे मिळते ते रेषेचे समीकरणच नसते. विकलज हे फल आहे, म्हणजे क्ष बदलला की तेही बदलते. रेषेला मात्र एकच ठरलेला चढ लागतो.

दुसरी अडचण आरंभबिंदूपाशी, म्हणजे (०, ०) पाशी, येते. तिथे विकलज शून्य असल्याने −१/म ला अर्थच राहत नाही, आणि ‘अभिलंब नाही’ असे उत्तर लिहिले जाते. वास्तविक अभिलंब तिथेही आहे, तो य-अक्ष आहे. म्हणून मी आता (अ, अ²) या बिंदूपाशी छेद काढून टाकून समीकरण लिहायला सांगतो: क्ष + २अ·य = अ + २अ³. यात अ = ० घातले की क्ष = ० आपोआप मिळते.

याच समीकरणात क्ष = ० ठेवले तर य = अ² + १/२ येते. म्हणजे बिंदू कोणताही घ्या, आरंभबिंदू तेवढा वगळून, त्याचा अभिलंब य-अक्षाला त्या बिंदूपेक्षा बरोबर १/२ एकक वर छेदतो. मला हा गुणधर्म फार सुंदर वाटतो. विकलजाची पद्धत रूढ होण्यापूर्वी, १६३७ मध्ये, फ्रेंच गणिती देकार्त यांनी अभिलंब काढले ते अक्षावर केंद्र असलेले आणि वक्राला स्पर्श करणारे वर्तुळ शोधून, म्हणजे छेदबिंदूंच्या समीकरणाची दोन मुळे समान व्हावीत अशी अट घालून. त्या वर्तुळाची त्रिज्या हाच अभिलंब.

वर्तुळाच्या या कल्पनेमुळे अभिलंबाचा अंतराशी असलेला संबंधही उलगडतो. अक्षावरील (०, ३) या बिंदूतून अन्वस्ताला किती अभिलंब काढता येतील? ६अ = अ + २अ³ यावरून अ = ० किंवा अ² = ५/२, म्हणजे तीन. त्यांपैकी आरंभबिंदूचे अंतर ३ आहे, तर उरलेल्या दोन बिंदूंचे सुमारे १.६६, आणि तेच वक्रापर्यंतचे सर्वांत कमी अंतर. दिलेल्या बिंदूची उंची १/२ किंवा त्याहून कमी असेल, तर त्यातून एकच अभिलंब निघतो, आणि तो म्हणजे अक्ष.