सोळा टोकांचा तारा: पाचरी जुळवताना

क्विल्टच्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीच्या, एका ताऱ्याच्या आठही पाचरी (त्रिकोणी भाग) नमुना छापलेल्या कागदावर शिवून झाल्या, चार सुलट आणि चार उलट. अर्धा तारा जोडूनही झाला आणि टोकाला टोक नेमकं भिडलंय. कसं जमलं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

ब्लॉक (गोधडीचा एक चौकोन) १२ इंची, मरीनर्स कंपास म्हणजे होकायंत्रासारख्या ताऱ्याच्या जातीचा. चार मोठी टोकं चार बाजूंना, आणखी चार कोपऱ्यांकडे, आणि त्यांच्या फटींत आठ बारीक. मोठ्या टोकांचं एक अंग गडद, एक फिकं. मधोमध अष्टकोन. प्रत्येक पाचर दोन भागांत छापली: बाहेरचा भाग पाच कापडांचा, आतला एक छोटा त्रिकोण. फिकं सगळं इचलकरंजीचं पॉपलीन, गडद अंगाला कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून आणलेला गुळेदगुड्डचा खण. खणाचे धागे फार सुटतात, त्यामुळे कापायच्या आधीच मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवलं. पॉपलीनला फक्त खळ.

छपाईबद्दल एवढंच: प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद हवं आणि कोपऱ्यातला एक इंचाचा चौकोन पट्टीने मोजून बघायचा. आठही कागद एकाच बैठकीत, एकाच मशीनवर काढून घ्या. आपल्याकडच्या पावसात कागद ओल धरतो आणि किंचित वाढतो. त्यावर इस्त्री फिरली की आक्रसतो. निम्मे कागद कोरडे, निम्मे सादळलेले असले तर पाचरी लांबीला सारख्या येणार नाहीत. वाफ अजिबात नको, कोरडी इस्त्रीच.

आता मुख्य गोष्ट. दोन पाचरींच्या जोडावर तीन ठिकाणं जुळावी लागतात: केंद्र, अष्टकोनाचा कोपरा आणि टोक. या तिन्हींना एकच उपाय चालत नाही.

अष्टकोनाचा कोपरा सोपा. आतला त्रिकोण बाहेरच्या भागाला आपण नंतर जोडतो, त्यामुळे तिथली माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) कुठे झुकवायची ते आपल्या हातात असतं. सुलट पाचरींत ती केंद्राकडे दाबली, उलट पाचरींत बाहेरच्या बाजूला. दोन्ही सुलट्या बाजू समोरासमोर ठेवल्या की माया एकमेकींना अडतात, बोटाला कळतं. तिथे टाचणीसुद्धा नावापुरतीच.

टोकाचं तसं नाही. कागदावर शिवताना क्रम ठरलेला असतो, माया नेहमी शेवटी लावलेल्या कापडाकडेच वळते. उलट पाचर म्हणजे सुलटीचं आरशातलं रूप, म्हणून दोन्हींकडची माया एकाच जागी येते आणि गड्ड्यावर गड्डा बसतो. त्यात मशीनचं फूट (कापड दाबून धरणारा भाग) वर चढतं, खालचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं मागे राहतं. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जरी सरकलं तरी टोक बोथट दिसतं. कडेला कड लावून इथे काही साधत नाही. कड म्हणजे आपण दोन सूत माया ठेवून कापलेली रेघ. खरं टोक त्याच्या आत, दोन टिपा मिळतात तिथे आहे.

म्हणून टाचणी उभी. वरच्या पाचरीच्या कागदाकडून, छापील रेघा मिळतात त्याच बिंदूतून टाचणी आत घालायची, दोन्ही पाचरी जरा फाकवून मध्ये डोकावायचं, आणि टाचणीचं अणकुचीदार टोक खालच्या पाचरीच्या त्याच बिंदूतून बाहेर काढायचं. टाचणी खांबासारखी ताठ राहिली पाहिजे. ती आडवी केली की वरचा थर हलतो, मग सगळी मेहनत वाया. तिच्या दोन्ही बाजूंना, अगदी जवळ, दोन टाचण्या आडव्या लावायच्या आणि मग उभी टाचणी काढून घ्यायची.

यानंतर लगेच बारीक टीप मारू नका. कागदावर शिवताना टाका १.५ मिमी असतो, सुई १४ नंबरची. तो टाका उसवायचा म्हणजे कागदाची चाळण होते आणि खणाचे धागे बाहेर येतात. त्यापेक्षा टाका ४ मिमीवर नेऊन फक्त त्या तीन जागांवर इंचभर कच्ची टीप घाला. उघडून सुलट बाजूने बघा. जुळलं नसेल तर खालचा दोरा एका झटक्यात निघतो, आणि जिथे जुळलंय ती टीप तशीच राहते. तिन्ही जागा बसल्या की त्यावरूनच बारीक टीप. वेळ लागतो, पण माझ्या मते या ब्लॉकमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

जोडण्याचा क्रम: दोन-दोन पाचरींचे चार चौकोन, त्यांचे दोन अर्धे, आणि शेवटी मधली लांब टीप. केंद्रात आठ पाचरींची माया एका बिंदूवर येते. तिथला कागद आधी चिमट्याने काढून घ्यायचा, मग सगळी माया एकाच दिशेने, भिंगरीसारखी वळवायची. शेवटच्या टिपेपलीकडे मायेत गेलेले आडव्या जोडांचे दोन-तीन टाके सोडवले की मधला गड्डा उघडून चपटा बसतो. माझी आत्या आयुष्यभर वाकळा शिवत आली आहे. सरावाला शिवलेल्या छोट्या ताऱ्याचं केंद्र अंगठ्याने चाचपून ती म्हणाली, “आधी नखानं बसीव, मग इस्त्री घाल.” तसं केलं आणि फरक हाताला लागला. नखाने माया नेमकी टिपेवर दुमडते. इस्त्री आधी फिरवली तर तिरपी कापलेली उरेब कड ताणली जाते.

आता दुसरा अर्धा भाग आणि मधली लांब टीप राहिली. त्या एका टिपेवर दोन टोकं, अष्टकोनाचे दोन कोपरे आणि केंद्र अशा पाच जागा येतात. कच्ची टीप केंद्रापासून सुरू करून बाहेर जायचं ठरवलंय. बाहेरच्या कडेचा कागद मात्र शेजारचा ब्लॉक जोडेपर्यंत काढणार नाही, कारण तिथलं कापड बरंचसं उरेब आहे आणि कागद असेपर्यंतच ते मापात राहतं. सोळा बारीक-मोठ्या टोकांवर पातळ कागद बरा की साधा ७५ जीएसएमचा, हे कुणी दोन्ही वापरून पाहिलं असेल तर नक्की सांगा. साध्या कागदाची घडी कडक पडते, पण बारीक टोकांतून तो काढताना टाके ओढले जातात.