आमची वाटचाल : आवाज पसरवणाऱ्या भिंती

आमचा कारखाना मूळचा सुतारकामाचा. सभागृहं आणि स्टुडिओंना लाकडी पॅनेलिंग करून द्यायचो. टाळी वाजवली की समोरासमोरच्या सपाट भिंतींमध्ये आवाज फडफडत राहतो, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक कामावर ऐकू यायची. उपाय म्हणून लोक फोम चिकटवून घेत. पातळ फोम वरच्या वारंवारतेचा आवाज गिळतो, खालचा तसाच घुमू देतो. खोली गुदमरते आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट परत मिळत नाही. आवाज खोलीतच राहावा, पण सगळ्या दिशांना पसरून राहावा, अशी भिंत बनवायची असं आम्ही ठरवलं.

भिंत खडबडीत हवी हे उघड होतं, पण किती? भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या नावाचा निकष इथे उपयोगी पडला. लाट समोरून येत असेल आणि पृष्ठभागाचे उंचसखलपण तरंगलांबीच्या एक अष्टमांशाहून कमी असेल, तर त्या लाटेच्या लेखी तो सपाटच. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर 100 हर्ट्झची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर भरते आणि 10,000 हर्ट्झची साडेतीन सेंटीमीटरसुद्धा नाही. म्हणजे काही मिलिमीटर खडबडीत प्लास्टर माणसाच्या बोलण्याला गुळगुळीतच असतं. लाट तिरपी आली तर आणखीच गुळगुळीत. दरखेपेला नव्या ग्राहकाशी आमचं बोलणं या गणितापासूनच सुरू होतं.

पुढचा रस्ता ध्वनिशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांनी 1970च्या दशकात दाखवून ठेवलेला होता. 0 ते 6 या आकड्यांचे वर्ग करा, 7ने भागा, बाकी लिहा : 0, 1, 4, 2, 2, 4, 1. या प्रमाणात खोल खाचा कोरल्या की परतणाऱ्या लाटांच्या कला (फेज, म्हणजे चढउतारांची वेळ) अशा बदलतात की आवाज अनेक दिशांना जवळपास सारखा वाटला जातो. 500 हर्ट्झपासून काम हवं असेल तर बाकीच्या दर एका एककाला 4.9 सेंटीमीटर, म्हणजे सर्वांत खोल खाच 19.6 सेंटीमीटर. खाचेची रुंदी वरची मर्यादा ठरवते : 7 सेंटीमीटरला साधारण 2,450 हर्ट्झ. फार अरुंद केली तर आतल्या घर्षणात आवाज जिरू लागतो. सांध्यात फट राहिली तरी तेच होतं, म्हणून आमच्याकडे सांधे भरणाऱ्या कारागिराचा शब्द अखेरचा असतो. अंकसिद्धांतातला असा कोरडा वाटणारा नियम रंध्याखाली येतो, याचा आनंद आम्हाला अजूनही होतो.

एकसारखी पॅनेलं ओळीनं लावली की आवाज पुन्हा ठरावीक दिशांतच एकवटतो. म्हणून आम्ही दोन प्रकारची पॅनेलं बनवतो आणि आवर्तन मोडेल अशा क्रमानं लावतो.

खरा कस मोजणीत लागतो. आयएसओ 17497 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पहिल्या भागात नमुना घुमाऱ्याच्या खोलीत (जिथे आवाज बराच वेळ घुमत राहतो) फिरत्या चकतीवर ठेवतात आणि वेगवेगळ्या कोनांत खोलीचा प्रतिसाद घेतात. आरशासारखा परतलेला भाग प्रत्येक वेळी तोच येतो, विखुरलेला बदलत राहतो. सगळ्यांची सरासरी काढली की विखुरलेला भाग विरतो आणि दोन्हींचं प्रमाण हाती लागतं. मोठी खोली आमच्या आवाक्याबाहेरची, म्हणून आम्ही एक पंचमांश आकाराच्या प्रतिकृती बनवतो आणि पाचपट वारंवारतेवर मोजतो. त्या वारंवारतांना हवाच बराच आवाज शोषून घेते, तेवढी दुरुस्ती हिशेबात धरावी लागते. पण एवढा खटाटोप केला की ‘आमचं पॅनेल चांगलं आहे’ म्हणण्याऐवजी ग्राहकासमोर आलेख ठेवता येतो.

अगदी लहान खोल्यांची कामं आम्ही सहसा घेत नाही. ऐकणारा पॅनेलच्या फार जवळ बसला तर विखुरलेल्या लाटा एकमेकींत मिसळायला अंतरच उरत नाही. तिथे शोषणाचं पॅनेल सुचवून मोकळे होतो. सध्या वक्र पृष्ठभागांवर काम चालू आहे. खाचा नसल्यानं त्यांत शोषण कमी होतं, मात्र आकार संगणकावर पुन्हा पुन्हा तपासून ठरवावा लागतो.