दोन पॅम्प्लेटची टेस्ट आणि प्रेसवाले काका : माझा अनुभव

कुणाला आपल्या छोट्या धंद्यासाठी दोन जाहिराती लावून त्यातली कुठली चालते ते बघायचं असेल तर मार्केटिंगचे व्हिडिओ नंतर बघा, आधी आपलं ऐकणारा छापखाना शोधा. माझं डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहायलोय.

आमचा धंदा कोल्हापुरात पाण्याच्या टाक्या साफ करायचा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर चालू केला. तेव्हा व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क या बाजूला अपार्टमेंटचे जमिनीखालचे हौद गाळानं भरलेले, जाहिरात कशाला लागतीय, फोन थांबत नव्हते. २०२१ ला परत तेच. पण पुरावर काय धंदा चालवायचा नसतो, आणि एरवी लोकांना टाकी आठवते कधी, तर नळातनं हिरवं काहीतरी आल्यावर. शॉप अॅक्ट, उद्यम (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) वगैरे ऑनलाइन झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त उद्यम नोंदणी फुकट असते, कोण त्याचे पैसे मागायला लागला तर देऊ नका.

तर दरवर्षी नवरात्राच्या आधी मी पॅम्प्लेट वाटतो, कारण त्याच आठवड्यात अख्खं गाव घर धुवायला काढतं, चादरी, वाकळा, भांडी सगळं बाहेर, मग टाकी पण करून घ्या की म्हणायला सोपं जातं. माझा मावसभाऊ स्टॅटिस्टिक्सचे क्लास घेतो, तो म्हणाला, "दादा, तू दरवर्षी पॅम्प्लेट बदलतोस, पण फोन वाढले ते पॅम्प्लेटमुळं का दुसऱ्याच कशामुळं हे तुला कळतंय काय?" नव्हतंच कळत. मग त्यानं सांगितलं, दोन बनव, दोन्हीत एकच गोष्ट वेगळी ठेव, आणि एकाच वेळी वाट. एक पॅम्प्लेट मे महिन्यात आणि दुसरं जुलैत वाटलं तर जुलैवालंच जिंकणार, कारण पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांच्या पुराच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की लोकांना टाकी, हौद, मोटर सगळं आपोआप आठवतं, पॅम्प्लेटवर काय का लिहिलेलं असेना.

ठरलं असं की एकात वरती मोठ्या अक्षरात दर. दुसऱ्यात दराच्या जागी "साफ करायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो तुमच्या व्हॉट्सअॅपवर". बाकी अक्षर न् अक्षर तेच. फोन कुठल्या पॅम्प्लेटवरनं आला हे कळायला दोन सिम घ्यायची गरज नाही, नंबर एकच ठेवला, फक्त एकावर "संपर्क : सचिन" आणि दुसऱ्यावर "संपर्क : रवी". आमच्यात सचिन पण नाही आणि रवी पण नाही. कोण कुणाला विचारतंय ते वहीत लिहायचं, संपला विषय.

आता प्रेस. नाव घेत नाही, गावातच राहायचंय. गणपतीच्या आधी फाईल दिली, म्हणजे हातात भरपूर वेळ होता. काका म्हणाले, तालीम मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल चाललेत, त्यानंतर लगेच घेतो. शिवाय डिझाइन दोन म्हणजे प्लेट (ज्यावरनं छापतात तो पत्रा) दोन, प्लेटचे पैसे डबल, आणि हजाराच्या खाली ऑफसेटला परवडत नाही. ठीक आहे म्हटलं. गणपती गेले. "उद्या सकाळी या." सकाळी गेलं की "दुपारी होतंय की." दुपारी शटर अर्धं खाली. पितृपक्ष चालू झाला, लोकांची घरं धुवायची तयारी सुरू झाली आणि माझं पॅम्प्लेट अजून मशीनवरच चढलं नव्हतं. फोन केला तर "तुमचंच लावायलोय" आणि मागनं मशीनचा आवाज, तो आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा होता हे नंतर कळलं.

शेवटी दोन गठ्ठे मिळाले. वरचा कागद काढून बघतो तर दोन्ही गठ्ठे सेम. दर पण तोच, सचिन पण तोच.

मी काही बोलायच्या आधी काका खुशीत, "एक घोळ झाला होता तुमच्याकडनं, एकात दर हाय, एकात न्हाई, नावं पण दोन पडलेली. मी सगळं एकसारखं करून घेतलं. त्याचे वेगळे पैसे लावले न्हाईत."

आता या माणसाला काय बोलणार? त्यांनी मनापासून केलेलं. मी म्हटलं, काका, मला दोन वेगळीच पाहिजेत.

"मग त्यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही खरी. कुठलं जास्त चालतंय तेच तर बघायचंय."

"म्हंजे तुम्हालाच म्हाईत न्हाई आणि छापायला दिलंय?"

हे त्यांनी इतक्या काळजीनं विचारलं की बाजूला बसलेलं दुसरं गिऱ्हाईक पण माझ्याकडं बघायला लागलं. मग मी पहिल्यापासनं सगळं समजावलं, काका मान हलवत होते, आणि दुसऱ्या खेपेला खरंच दोन वेगळी छापली. फक्त बांधणाऱ्या पोरानं दोन्हीची एकत्र चळत लावून गठ्ठे बांधले, कारण "सारखीच तर हायत". घरी जमिनीवर बसून, बायको आणि मी, एकेक पान बघून वेगळं करायला लागलो. गुळगुळीत आर्ट पेपर, बोटाला चिकटत नाही, दोन-दोन एकदम सुटतात, आणि वरनं लांबनं बघितलं तर दोन्ही निळीच. बायको म्हणाली, पुढच्या वेळी एक गुलाबी कागदावर घ्या. नाही चालत, मग लोकांनी दर बघून फोन केला का गुलाबी रंग बघून, परत प्रश्न तिथंच.

उपाय सापडला तो कटिंग मशीनवरच्या पोराकडनं. तक्रार करायला गेलो तर तो म्हणाला, "दादा, दोन्ही एकाच प्लेटवर शेजारी शेजारी घ्या की, मधनं कापलं की दोन गठ्ठे आपोआप वेगळे पडत्यात." किती सोपं! एकच प्लेट, पैसे एकदाच, आणि दोन्ही बरोबर सारख्या संख्येनं निघतात. हे मालकांनी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझा अर्धा सीझन वाचला असता. आता मी तसंच करतो, आणि एका डिझाइनच्या कोपऱ्यात काळा ठिपका ठेवतो, गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही, आपल्याला लगेच कळतं. प्रूफवर, म्हणजे छापायच्या आधी दाखवतात त्या नमुन्यावर, पेनानं "दोन्ही मुद्दाम वेगळी आहेत, बदलू नये" असं लिहून खाली सही घेतो. काकांना ते आवडलेलं नाही.

वाटपाचं पण बघा. पेपरात टाकायला देताना एजंट म्हणतो, हा गठ्ठा ताराबाई पार्कला, हा शिवाजी पेठेत. तसं करू द्यायचं नाही. मग तुम्ही पॅम्प्लेटची नाही, बंगल्यांची आणि पेठेची तुलना करताय. एकाच लाइनीवरच्या पोराला दोन्ही द्यायची, एकाआड एक. पहाटे पेपर लावायला बसतात तिथं मी स्वतः जाऊन एकाआड एक चळत लावून दिली, कारण प्रेसनंतर माझा कुणावर विश्वास राहिला नव्हता.

फोन चालू झाले. पहिल्याच दिवशी आईनं फोन उचलून "रवी न्हाई हितं, राँग नंबर" म्हणून ठेवला. तर घरात, गाडीवर, सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

दराचं पॅम्प्लेट सुरुवातीला जोरात पुढं गेलं, मी लगेच मावसभावाला कळवलं, तर तो म्हणाला थांब. नाणं १० वेळा उडवलं तर ७-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल दर ३ वेळांतनं साधारण एकदा नुसत्या नशिबानं येतो. १०० वेळा उडवून ७०-३० आलं तर मग नाण्यात काहीतरी आहे. थोडक्या आकड्यांचा हा वैताग म्हणे जुनाच आहे, गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात गॉसेट म्हणून एक जण होता, त्यानं त्याचं गणित १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावानं छापलं. मला गणितातलं काय कळलं नाही, पण वही बंद करून गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं प्रेसच्या खेपांइतकंच जड गेलं.

आणि बरं झालं बसलो. शेवटपर्यंत दरवाल्याचे फोन जास्तच राहिले, पण त्यातले निम्मे लोक "शेवटचं किती घेणार" एवढंच विचारायचे. फोटोवाल्याचे फोन कमी, पण ज्यांनी केला त्यांनी बहुतेकांनी काम दिलं, वर सोसायटीच्या ग्रुपवर ते फोटो पण टाकले. म्हणून फोन मोजू नका, झालेली कामं आणि हातात पडलेले पैसे मोजा. वहीत त्याचा वेगळा रकाना पहिल्या दिवसापासनं पाहिजे.

व्हॉट्सअॅपचं राहिलंच. तिथं टेस्ट करायला एक पैसा लागत नाही, पण ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची यादी) २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. म्हणजे दोन लिस्ट करून कमी-जास्त उत्तरं आली तर आधी हे बघा की पोचलं किती जणांना. काम झाल्यावर तिथंच उभं राहून नंबर सेव्ह करायला सांगायचा, फोटो पाठवायचाय म्हटलं की कोण नाही म्हणत नाही. जुन्या गिऱ्हाइकांचे दोन भाग पाडताना मोबाइल नंबरचा शेवटचा अंक बघायचा, सम इकडं, विषम तिकडं. आपण निवडायला लागलो की चांगली चांगली माणसं नकळत एकाच लिस्टमध्ये जातात. टाकी साफ करून सहा महिने झाले ही आठवण सकाळी पाठवायची का रात्री जेवणानंतर, हे सध्या असंच चाललंय, रात्रीचं पुढं आहे पण अजून ठरवलेलं नाही.

एक टेस्ट मात्र कोल्हापुरात करू नका, दोन वेगळे दर. वरच्या मजल्याला एक आणि खालच्याला दुसरा दर सांगितला तर संध्याकाळपर्यंत दोघी जिन्यात भेटलेल्या असतात, आणि तुम्हाला कमी असेल तोच दर दोघींना लावावा लागतो. बदलायचंच तर दर तोच ठेवून आत काय देताय ते बदला, एकाला टाकीबरोबर झाकण आणि फ्लोट बघून देणार, दुसऱ्याला सहा महिन्यांनी एकदा येऊन फुकट तपासणी.